बडग्याची मान

जागनाथ बुधवारीत आमच्या गल्लीची बैठक बसली
तेव्हा विषयावर वादच झाला नाही.
महागाईचा बडग्या तीनदा झाला होता,
खड्ड्यांचा मागच्याच साली जाळला.
रंजनाबाई पराते उभ्या राहिल्या, म्हणाल्या,
यंदा मोबाईलच्या गेमचा करा.
आमच्या घरातला राक्षस तोच आहे.
सगळ्यांनी माना डोलावल्या,
ज्यांच्या हातात तेव्हाही मोबाईल होता त्यांनीसुद्धा.

मी खजिनदार. वहीत लिहिलं:
बांबू अठरा, सुतळी साडेतीन किलो,
रद्दी, खळ, काळा रंग,
डोक्यासाठी जुन्या टीव्हीचं खोकं.

अडचण निराळीच निघाली.
बडग्या सतरा फुटांचा
आणि गल्लीच्या तोंडाशी विजेच्या तारा तेरावर.
बुटका कसा करायचा? मागच्या गल्लीचा वीस फुटी असतो.
चाळीस वर्षं बडगे बांधणारे दामोदर निखारे
बांबूंकडे बघत तंबाखू मळत राहिले.

"मान घडीची ठेवा ना काका.
तारेखाली वाकवू, मंग उभी करू."
ओट्यावरून आवाज आला. रंजनाबाईंचा भावेश.
वय पंधरा. ज्याच्यापायी बडग्या, तोच.
नजर वर नाही, अंगठे चालू.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आला.
विज्ञानाच्या पेपरची पाठकोरी बाजू,
पलीकडून लाल शाईतले पंचवीसपैकी सात झिरपलेले.
"चौकोन लचकते, काका. तिकोन लचकत नाही."
कुठं शिकला बे?
"पूल बांधाचा गेम आहे ना.
माझा ट्रक दोनशे वेळा नदीत पडला."

दोनशे वेळा.
मी पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो.
उस्तादाकडे असताना एक वाइंडिंग माझ्या हातून जळलं,
त्याचे पैसे आठ महिने पगारातून कापले गेले.
त्यानंतर मी कुठल्याच मोटारीत
नवं काही करून पाहिलं नाही.

आता, हे गेममुळंच झालं
असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.
समोरचा ओजस तोच गेम खेळतो,
फोनला शिव्या घालतो आणि झोपतो.
आणि रंजनाबाईही खोटं बोलत नाहीत:
रात्री दोनला चादरीखाली उजेड,
नववीत दोन विषय अडकलेले,
जेवताना हाक मारली तर 'हूं'.

चार रात्री काम चाललं.
सायकलच्या ब्रेकची केबल, विहिरीवरची गंजकी चाकी.
पहिल्या खेपेला मान निसटून
दामोदरजींच्या चष्म्यावर आली.
आम्ही घाबरलो. भावेश हसला,
"एक ट्रक गेला," म्हणाला,
आणि खाली बसून गाठ सोडायला लागला.
किती ट्रक गेले ते मी मोजले नाहीत.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी
तारांपाशी पोरानं केबल ओढली
आणि ठेंगण्या दारातून उंच पाहुणा आत शिरावा
तसा आमचा राक्षस वाकला,
पलीकडे जाऊन पुन्हा ताठ झाला.
गर्दीनं अशी आरोळी ठोकली की ताशेवाला चुकला.
"गेमचं वेड घेऊन जाय गे मारबत!"
सगळ्यात मोठा आवाज भावेशचा.
रंजनाबाईंनी ओरडायला तोंड उघडलं होतं,
ते तसंच राहिलं थोडा वेळ.

नाईक तलावापाशी पेटवला.
आधी हात गेले, मग पोटातली रद्दी.
सगळे फोन वर धरून शूटिंग काढत होते,
त्याचा खिशात होता.
डोळे बारीक करून तो सांध्यांकडे पाहत होता.
"काका, पाहा. मान शेवटी पडली."

संध्याकाळी हिशेब लावला.
ब्रेकची केबल, पस्तीस रुपये.
पैसे त्यानं घेतले नाहीत.
केबल घेतली,
राखेतून उकरून,
चटके बसत होते म्हणून
शर्टाच्या टोकात धरून.